पट्टकादंब हंसाचे अधिवास आणि स्थलांतर : मार्गाच्या शोधाचा इतिहास

गोषवारा

पट्टकादंब हा मध्य आशियातील उंच पठारांवर वीण घालणारा आणि हिवाळ्यात भारतीय उपखंडात उतरणारा रानहंस आहे. त्याच्या स्थलांतराविषयीचे ज्ञान काव्य, शिकार, रोगसंशोधन आणि उपग्रहाद्वारे मागोवा अशा टप्प्यांनी कसे विकसित झाले, याचा आढावा प्रस्तुत निबंधात घेतला आहे. प्रत्येक टप्प्यावर मानवाने हंसाच्या मार्गाचा शोध प्रामुख्याने स्वतःच्या गरजेतून घेतला. हंस जेथे उतरतो, चरतो आणि रात्र काढतो त्या अधिवासाकडे मात्र त्या मानाने कमी लक्ष गेले, असे येथे प्रतिपादन केले आहे.

बीजशब्द : पट्टकादंब, स्थलांतर, अधिवास, वलयांकन, बर्ड फ्लू, गाळपेर जमीन.

प्रस्तावना

नोव्हेंबरनंतर जायकवाडी किंवा उजनी जलाशयाच्या उथळ काठावर पहाटे गेल्यास करड्या-पांढऱ्या रंगाच्या हंसांचे थवे पाहावयास मिळतात. त्यांच्या पांढऱ्या डोक्यावर मागील बाजूस दोन काळे आडवे पट्टे असतात. हाच पट्टकादंब होय. मार्च-एप्रिलपर्यंत हे थवे दिसेनासे होतात. उन्हाळ्यात ते लडाख, तिबेट, चीनचा छिंगहाय प्रांत, मंगोलिया आणि किरगिझस्तान येथील सरोवरांच्या काठी व बेटांवर घरटी करतात.

इंग्लिश पक्षिशास्त्रज्ञ जॉन लॅथम यांनी १७९० मध्ये या पक्ष्याचे शास्त्रीय वर्णन केले आणि त्याला 'इंडिका' हे विशेषण दिले. आज त्याचे शास्त्रीय नाव 'आन्सर इंडिकस' असे आहे. म्हणजे ज्या देशात हा पक्षी केवळ हिवाळा काढतो, त्या देशाचे नाव त्याला मिळाले. अभ्यासकाची भेट पक्ष्याशी जेथे होते तेथूनच त्याच्या ज्ञानाचा आरंभ होतो, हे या नामकरणातून सूचित होते.

हा पक्षी कोठून येतो व कोठे जातो, या प्रश्नाचे उत्तर प्राणिशास्त्राने दिले आहे. परंतु हे उत्तर मानवाने केव्हा, कोणत्या साधनांनी आणि मुख्यतः कशासाठी शोधले, हा इतिहासाचा प्रश्न आहे. प्रस्तुत निबंधात याच प्रश्नाचा विचार केला आहे.

अभ्यासाची उद्दिष्टे व पद्धती

१) पट्टकादंबाच्या स्थलांतरविषयक ज्ञानाचे ऐतिहासिक टप्पे निश्चित करणे.
२) प्रत्येक टप्प्यामागील प्रेरणांचा शोध घेणे.
३) विसाव्या शतकात या हंसाच्या हिवाळी अधिवासात झालेल्या बदलांचे स्वरूप समजून घेणे.

या अभ्यासासाठी ऐतिहासिक व विश्लेषणात्मक पद्धतीचा अवलंब केला असून प्रकाशित संशोधन व ग्रंथ या दुय्यम साधनांचा आधार घेतला आहे.

काव्यातील हंसमार्ग

भारतीय परंपरेत हंसाचे स्थलांतर फार पूर्वीपासून परिचित होते. कालिदासाच्या 'मेघदूता'त कैलासाकडे निघालेल्या मेघाला राजहंसांची सोबत मिळते, आणि हिमालयातील क्रौंचरंध्र ही खिंड हंसांचे द्वार म्हणून येते. हंस मानस सरोवराकडे जातात हा संस्कृत काव्यातील प्रस्थापित कविसमय आहे.

हा हंस नेमका कोणता, याविषयी अभ्यासकांत मतभेद आहेत. डच विद्वान ज्याँ फिलिप फोगेल यांनी १९६२ मध्ये प्रसिद्ध झालेल्या भारतीय साहित्य व कलेतील हंसाविषयीच्या ग्रंथात एक महत्त्वाचा मुद्दा मांडला. युरोपीय अनुवादकांनी ज्याला 'स्वान' म्हटले तो पक्षी वस्तुतः 'गूज' असला पाहिजे, असे त्यांचे म्हणणे होते. पुढे १९८५ मध्ये का. ना. दवे यांच्या संस्कृत साहित्यातील पक्ष्यांविषयीच्या ग्रंथात या नावांची सविस्तर चर्चा झाली. काव्यातील प्रत्येक 'हंस' पट्टकादंबच होता असे म्हणता येणार नाही. तथापि हिमालय ओलांडून उत्तरेच्या सरोवरांकडे जाणारा आणि मैदानात मोठ्या संख्येने दिसणारा हंस म्हणून त्याचा दावा बळकट ठरतो.

काव्य आणि निसर्ग यांची तुलना करता दोन गोष्टी ठळकपणे जाणवतात. पहिली गोष्ट काळाची आहे. काव्यातील हंस वर्षाऋतूच्या आरंभी मानसाकडे निघतात, तर प्रत्यक्षातील पट्टकादंब त्याआधीच, वसंतात, मैदाने सोडतो. येथे काव्यसंकेताने निरीक्षणावर मात केली आहे. दुसरी गोष्ट मार्गाची आहे. हंस शिखरावरून न जाता खिंडीच्या द्वारातून जातो, ही कल्पना काव्यात आहे. ती कितपत वास्तव आहे हे कळण्यास एकविसावे शतक उजाडावे लागले. त्याचा विचार पुढे येईल.

शिकार आणि नोंद

ब्रिटिश काळात हंसाची दखल प्रथम शिकारीचा पक्षी म्हणून घेतली गेली. ॲलन ऑक्टेव्हियन ह्यूम हे पुढे राष्ट्रीय सभेच्या स्थापनेमुळे प्रसिद्ध झालेले सनदी अधिकारी त्या काळातील भारताचे अग्रगण्य पक्षिअभ्यासक होते. त्यांनी सी. एच. टी. मार्शल यांच्यासह सिद्ध केलेला भारत, ब्रह्मदेश व श्रीलंकेतील शिकारी पक्ष्यांवरील तीन खंडांचा ग्रंथ १८७९ ते १८८१ या काळात प्रसिद्ध झाला. शिकाऱ्याला पक्षी कोठे सापडेल हे सांगणे हा अशा ग्रंथांचा हेतू होता. त्यामुळेच हंस दिवसा नदीतील वाळूच्या पट्ट्यांवर किंवा तलावात विसावतात आणि सायंकाळपासून पहाटेपर्यंत शेतात चरतात, यांसारख्या नोंदी शिकारी वाङ्मयातून जमा झाल्या. अधिवासाचे हे बारकाईचे ज्ञान बंदुकीच्या सोयीसाठी निर्माण झाले होते, हे विसरता येत नाही.

शिकारीचे प्रमाणही मोठे होते. भरतपूर संस्थानातील केवलादेव येथे १२ नोव्हेंबर १९३८ रोजी व्हाइसरॉय लॉर्ड लिनलिथगो यांच्या उपस्थितीत झालेल्या एका शिकारीत चार हजारांहून अधिक पाणपक्षी मारले गेले. त्यांत बदकांची संख्या मोठी होती, परंतु पाणथळ जागेकडे पाहण्याची तत्कालीन दृष्टी त्यातून स्पष्ट होते. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्यानंतर शिकारीचे हे युग कायद्याने संपले.

काव्य आणि पक्षिशास्त्र यांचा एक संगम मात्र येथे नोंदवला पाहिजे. डॉ. सालिम अली यांनी १९४५ मध्ये कैलास-मानस सरोवराची यात्रा केली आणि तिचा वृत्तांत पक्षिशास्त्रीय तीर्थयात्रा म्हणून बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटीच्या नियतकालिकात लिहिला. ज्या सरोवराकडे कवींनी हंस पाठविले होते, तेथे आता दुर्बीण घेतलेला अभ्यासक पोहोचला होता.

कडी, विषाणू आणि पुणे

पक्ष्याच्या पायात क्रमांकाची कडी घालून त्याला सोडून द्यावयाचे आणि तो अन्यत्र सापडल्यास दोन ठिकाणांची सांगड घालावयाची, ही वलयांकनाची पद्धत होय. बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटीने भारतात या कार्याचा आरंभ १९२७ च्या सुमारास धार संस्थानात केला. परंतु त्याला व्यापक स्वरूप येण्यास तीन दशके जावी लागली, आणि त्याचे निमित्त एक रोग ठरला.

१९५७ मध्ये तत्कालीन म्हैसूर राज्यातील शिमोगा जिल्ह्यात क्यासनूर जंगल परिसरात माकडे मरू लागली आणि माणसांना तीव्र ताप येऊ लागला. पुणे येथील विषाणू संशोधन केंद्राने या रोगाचा विषाणू शोधून काढला. १९५२ मध्ये स्थापन झालेली हीच संस्था आज राष्ट्रीय विषाणू विज्ञान संस्था म्हणून ओळखली जाते. हा विषाणू रशियातील गोचिडीमार्फत पसरणाऱ्या मेंदूज्वराच्या विषाणूचा जवळचा नातलग निघाला. साहजिकच सायबेरियातून येणाऱ्या पक्ष्यांच्या अंगावरील गोचिड्यांसोबत तो भारतात आला असावा काय, असा प्रश्न उपस्थित झाला. त्यातून जागतिक आरोग्य संघटनेच्या साहाय्याने १९५९ पासून सालिम अली यांच्या मार्गदर्शनाखाली मोठ्या प्रमाणावर वलयांकन सुरू झाले.

पक्ष्यांनी हा विषाणू आणला, हे सिद्ध झाले नाही. परंतु त्या शंकेतून भारतातील स्थलांतर-संशोधनाचा पाया घातला गेला. पक्ष्याविषयीच्या जिज्ञासेला जे साहाय्य मिळाले नव्हते, ते पक्ष्याविषयीच्या भीतीने मिळवून दिले. हा अनुभव पुढे अर्ध्या शतकाने पुन्हा येणार होता.

उंचीचे कुतूहल

दरम्यान पट्टकादंबाची कीर्ती वेगळ्याच कारणाने जगभर पसरली. हा हंस जगातील सर्वोच्च शिखरांवरून उडतो, अशी समजूत रूढ झाली. अमेरिकन जीवशास्त्रज्ञ लॉरेन्स स्वान यांनी हिमालयातील मकालू परिसरात रात्रीच्या शांततेत डोक्यावरून जाणाऱ्या हंसांच्या हाका ऐकल्या होत्या. १९७० मध्ये प्रसिद्ध झालेल्या त्यांच्या लेखामुळे या समजुतीला मोठे बळ मिळाले. येथे साधन कानाचे होते. अंधारातील हाकेवरून नेमकी उंची ठरविणे अवघड होते. तथापि या कुतूहलातून पक्ष्याच्या शरीरक्रियेचा मोलाचा अभ्यास झाला. विरळ हवेतही प्राणवायू धरून ठेवण्याची त्याच्या रक्तातील हिमोग्लोबिनची क्षमता मैदानी हंसांपेक्षा अधिक आहे, हे स्पष्ट झाले.

उंचीचा प्रश्न सुटला तो उपग्रहाशी जोडलेल्या प्रेषकांमुळे. लुसी हॉक्स, चार्ल्स बिशप आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २०११ मध्ये दाखवून दिले की, हिमालय चढताना हे हंस दिवसा दरीतून वर वाहणाऱ्या वाऱ्याचा आधार घेत नाहीत. ते रात्री व पहाटे, हवा थंड, दाट आणि स्थिर असताना, स्वतःच्या पंखांच्या बळावर चढतात. २०१३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या ९१ हंसांच्या अभ्यासात सर्वाधिक उंची ७,२९० मीटर आढळली, परंतु ९५ टक्के नोंदी ५,४८९ मीटरच्या खालच्या होत्या. हंस शिखरांवरून न जाता बहुधा दऱ्याखोऱ्यांतून जात होते आणि त्यासाठी सरळ रेषेपेक्षा सुमारे ११२ किलोमीटर लांबचा मार्ग पत्करत होते. २०१५ मधील आणखी एका अभ्यासात असे आढळले की, एकदा मिळविलेली उंची टिकवून ठेवण्याऐवजी ते जमिनीच्या चढउतारांबरोबर वर-खाली उडतात. विरळ हवेत उंचावर राहण्यापेक्षा खाली येऊन पुन्हा चढणे त्यांना कमी श्रमाचे पडते.

म्हणजे शिखरावरून उडणाऱ्या हंसाच्या आधुनिक कल्पनेपेक्षा खिंडीच्या द्वारातून जाणाऱ्या हंसाची प्राचीन कल्पना वास्तवाच्या अधिक जवळ होती. प्राचीनांना सर्व ज्ञात होते असा निष्कर्ष यावरून काढणे मात्र अयोग्य ठरेल, कारण त्याच काव्याने हंसाचा निघण्याचा काळ चुकविला आहे. हिमालयाच्या पायथ्याशी राहणाऱ्या कोणा निरीक्षकाचे अनुभवजन्य ज्ञान त्या एका प्रतिमेत टिकून राहिले असावे, एवढेच म्हणता येईल.

छिंगहाय ते नवापूर

हे प्रेषक हंसांच्या पाठीवर मोठ्या संख्येने चढले त्यालाही रोगच निमित्त ठरला. मे २००५ मध्ये छिंगहाय सरोवरावर एच५एन१ या बर्ड फ्लूच्या विषाणूने रानपक्षी मरू लागले. सहा हजारांहून अधिक पक्षी दगावले आणि त्यांत पट्टकादंबांचा वाटा मोठा होता. या हंसाच्या जगातील एकूण संख्येच्या ५ ते १० टक्के पक्षी एका हंगामात नष्ट झाले, असा अंदाज त्या वेळी वर्तविला गेला. त्यानंतर काही महिन्यांतच, फेब्रुवारी २००६ मध्ये, महाराष्ट्रातील नंदुरबार जिल्ह्यात नवापूर येथे भारतातील बर्ड फ्लूचा पहिला उद्रेक नोंदविला गेला. तेथील कुक्कुटपालन केंद्रांतील लक्षावधी कोंबड्या नष्ट कराव्या लागल्या आणि आदिवासीबहुल तालुक्यातील एक मोठा व्यवसाय कोलमडला. स्थलांतरित पक्षी पुन्हा एकदा संशयाच्या भोवऱ्यात सापडले.

या पार्श्वभूमीवर संयुक्त राष्ट्रांची अन्न व कृषी संघटना, अमेरिकेचे भूशास्त्रीय सर्वेक्षण खाते व विविध देशांतील संस्थांनी २००७ पासून छिंगहाय, मंगोलिया व भारतातील पट्टकादंबांना प्रेषक बसविले. त्यातून मिळालेले चित्र अपेक्षेपेक्षा गुंतागुंतीचे होते. छिंगहाय येथील बहुतेक हंस हिवाळ्यात भारतात न येता ल्हासाच्या परिसरातच थांबत होते. याच प्रदेशात हा हंस बंदिस्त स्थितीत पाळण्याचे प्रयोगही झाले होते, त्यामुळे संसर्ग नेहमी रानातून गोठ्याकडेच जातो असे गृहीत धरणे संशोधकांना धोक्याचे वाटू लागले. दुसरीकडे मंगोलियात गळपट्टे बांधलेले हंस थेट दक्षिण भारतातील तलावांवर आढळले. एकाच जातीच्या हंसांचा एकच मार्ग नसतो, आणि कोणता हंस कोठे थांबतो यावर रोगाच्या प्रसाराचेही गणित अवलंबून असते, हे या नोंदींनी स्पष्ट केले. मार्गाचा शोध अशा रीतीने अधिवासाच्या प्रश्नापाशी येऊन थांबला.

धरण, शेत आणि हंस

पट्टकादंबाच्या हिवाळी अधिवासात विसाव्या शतकात मूलगामी बदल झाले. ग्रंथांतून वर्णिलेला त्याचा जुना अधिवास म्हणजे मोठ्या नद्यांचे वाळूचे पट्टे, नैसर्गिक तळी आणि गावतलाव. आज त्याचे मोठे थवे मानवनिर्मित जलाशयांवर आढळतात. हिमाचल प्रदेशात बियास नदीवरील पोंग धरण १९७४ मध्ये पूर्ण झाले. तत्पूर्वी तेथे असा विस्तीर्ण जलाशय नव्हता. अलीकडील काही गणनांत तेथे चाळीस हजारांच्या आसपास पट्टकादंब मोजले गेले. १९९९ मध्ये या हंसाची जगातील एकूण संख्या ५२ ते ६० हजार अंदाजिली गेली होती, हे लक्षात घेता या आकड्याचे महत्त्व कळते. तिबेटमध्येही असाच अनुभव आला. १९९० च्या दशकात दक्षिण-मध्य तिबेटच्या नदीखोऱ्यांत गहू व बार्लीच्या शेतांत चरणाऱ्या सुमारे तेरा ते चौदा हजार हंसांची नोंद झाली.

महाराष्ट्रातील उदाहरणे याच प्रक्रियेची आहेत. गोदावरीवरील जायकवाडी धरण १९७६ मध्ये आणि भीमेवरील उजनी धरण १९८० मध्ये पूर्ण झाले. जायकवाडीच्या नाथसागर जलाशयाला १९८६ मध्ये पक्षी अभयारण्याचा दर्जा मिळाला. हंसाला येथे काय मिळते? पावसाळ्यानंतर जलाशयाचा फुगवटा हळूहळू ओसरतो आणि काठाची गाळपेर जमीन उघडी पडते. तिच्यावर कोवळे गवत उगवते व रब्बीची पिके घेतली जातात. दिवसा विसाव्यासाठी उथळ, मोकळे पाणी आणि जवळच चरण्यासाठी कोवळे हिरवे कोंब, या दोन्ही गरजा एकाच ठिकाणी भागतात. हंसाच्या दृष्टीने जलाशय आणि शेत मिळून एकच अधिवास होतो. शासकीय व्यवस्थेत मात्र पाणी जलसंपदा खात्याचे, पक्षी वन खात्याचे, शेत महसूल खात्याचे आणि पीक शेतकऱ्याचे असते.

या अधिवासाला मानवी वेदनेचाही इतिहास आहे. पोंग धरणाने वीस हजारांहून अधिक कुटुंबे विस्थापित झाली आणि राजस्थानातील त्यांच्या पुनर्वसनाचा प्रश्न अनेक दशके रेंगाळला. पाणी ओसरल्यावर उघडी पडणारी जमीन कोणी कसावी, आणि अभयारण्यात ती कसावी की नाही, हा तेथे आजही वादाचा मुद्दा आहे. ज्यांची जमीन पाण्याखाली गेली त्यांना त्याच जमिनीवर चरणाऱ्या हंसाविषयी आस्था वाटावी अशी अपेक्षा करताना, आधी त्यांच्या हानीची दखल घेणे न्यायाचे ठरेल.

केवलादेवचा अनुभवही बोलका आहे. १९८२ मध्ये राष्ट्रीय उद्यानात गुरे चारण्यास बंदी करण्यात आली. तिला विरोध करणाऱ्या ग्रामस्थांवर पोलिसांनी गोळीबार केला आणि त्यात काहींचा बळी गेला. बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटीने १९८० च्या दशकात केलेल्या दीर्घकालीन अभ्यासातून असे दिसून आले की, म्हशींचे चरणे थांबल्याने पाणथळीत गवत माजले आणि अनेक पाणपक्ष्यांचा अधिवास उलट आक्रसला. माणसाला वगळले की अधिवास सुरक्षित होतो, हे गृहीतक येथे चुकीचे ठरले.

मोठ्या संख्येने एकत्र येण्यात धोकाही असतो. डिसेंबर २०२० च्या अखेरीस पोंग जलाशयावर बर्ड फ्लूने पक्षी मरू लागले आणि पुढील काही आठवड्यांत हजारो पक्षी दगावले, त्यांत पट्टकादंब बहुसंख्य होते. अधिवासाचे पर्याय कमी झाले की थवे एका ठिकाणी एकवटतात, आणि एकवटलेल्या थव्यात रोगाला वाट मिळते. म्हणूनच लहान तळी, गावतलाव व नदीपात्रातील वाळूचे पट्टे यांचे जतन हा या हंसाच्या आरोग्याचाही प्रश्न आहे. वाळूउपशाने पात्रे खरवडली जात असताना आणि मोठ्या जलाशयांच्या पाण्यावरच नवे दावे येत असताना त्याची तीव्रता वाढते. जायकवाडीच्या पाण्यावर तरंगता सौरऊर्जा प्रकल्प उभारण्याचा प्रस्ताव २०२५ मध्ये न्यायालयीन वादाचा विषय झाला, हे त्याचे एक उदाहरण होय.

निष्कर्ष

१) पट्टकादंबाच्या स्थलांतराविषयीचे ज्ञान काव्य, शिकार, रोगभय आणि शास्त्रीय कुतूहल या भिन्न प्रेरणांतून वाढले. १९५९ आणि २००५ या दोन्ही वेळी रोगाच्या भीतीने संशोधनाला निर्णायक गती दिली.

२) प्रत्येक नव्या साधनाने आधीच्या समजुतींची फेरतपासणी केली. शिखरावरून उडणाऱ्या हंसाची कल्पना मागे पडली आणि खिंडींतून जाणारा हंस प्रत्यक्ष नोंदींतून समोर आला.

३) या हंसाचा आजचा हिवाळी अधिवास बव्हंशी मानवनिर्मित आहे. तो धरण, गाळपेर जमीन व रब्बीचे शेत यांच्या संयोगातून घडला असल्याने त्याचे संवर्धन केवळ पाण्यापुरते किंवा केवळ एका खात्यापुरते मर्यादित ठेवता येणार नाही. विस्थापित व शेतकरी यांना वगळूनही ते साधणार नाही.

४) या हंसाने विणीपासून हिवाळ्यापर्यंत ओलांडलेल्या सीमा पाहता एकट्या देशाचे प्रयत्न अपुरे आहेत, हे खरे. परंतु अधिवासाची नोंद स्थानिक पातळीवरच होऊ शकते. आशियाई पाणपक्षी गणना १९८७ पासून दर जानेवारीत होते. जलाशयांलगतच्या महाविद्यालयांतील प्राणिशास्त्र, भूगोल व इतिहास विभागांनी एकत्र येऊन आपल्या परिसरातील जलाशयाची अशी नोंद सलग ठेवल्यास, आणि त्यासोबत काठावरच्या गावांच्या मौखिक आठवणी संकलित केल्यास, भावी अभ्यासकाला रोगाच्या पुढील साथीची वाट पाहावी लागणार नाही.

हंस कोठून येतो हे आपल्याला आता बऱ्याच अंशी समजले आहे. तो आपल्याकडे उतरतो तेव्हा त्याला काय सापडते, याची नोंद ठेवण्याचे काम मात्र अद्याप बाकी आहे, आणि ते काम उपग्रहापेक्षा काठावर राहणाऱ्यांना अधिक चांगले करता येईल.